यादीतलं पहिलं नाव

1899 च्या जून महिन्यात केंब्रिज विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल वाचला गेला, तेव्हा पहिल्या क्रमांकावर दोन नावं निघाली. एक पेम्ब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल आणि दुसरे सेंट जॉन्स कॉलेजचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दोघांचा क्रमांक एकच, म्हणून दोघंही सीनियर रँग्लर. परांजपे दापोलीजवळच्या मुर्डी गावचे, वय 23 वर्षं. हा मान त्यापूर्वी कोणत्याही हिंदी माणसाला मिळालेला नव्हता. आनंदमोहन बोस 1874 मध्ये रँग्लर झाले होते, पण पहिल्या वर्गात येणं वेगळं आणि यादीच्या माथ्यावर असणं वेगळं.

हा दिवस केवढा मोठा असे, याची कल्पना आज येणं अवघड आहे. आता निकाल मोबाइलवर येतो, ज्याचा त्याला कळतो. तिथे तो जाहीर सभेत, मोठ्या आवाजात, क्रमाने वाचला जाई. आधी रँग्लर, म्हणजे पहिल्या वर्गातले सगळे. मग सीनियर ऑप्टिमे. शेवटी ज्युनियर ऑप्टिमे. सीनियर रँग्लरचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून येई. यादीच्या तळाशी असलेल्यालाही विसरत नसत. पदवीदानाच्या वेळी तो पुढे आला की त्याचे मित्र वरच्या गॅलरीतून दोरीने एक भलामोठा लाकडी चमचा त्याच्यासमोर सोडत. पहिल्याचं कौतुक आणि शेवटच्याची थट्टा, दोन्ही एकाच छपराखाली चाले.

या सगळ्यामागे तीन वर्षांची तालीम असे. ट्रायपॉसची तयारी करून घेणारे खाजगी शिक्षक केंब्रिजमध्ये होते, आणि त्यांची कीर्ती कॉलेजांच्या प्राध्यापकांपेक्षा मोठी असे. त्यांतल्या एडवर्ड राउथ यांच्या हाताखालून 27 सीनियर रँग्लर बाहेर पडले. घड्याळाकडे डोळा ठेवून गणितं सोडवायची, प्रमेयांच्या सिद्धता न अडखळता लिहिता येतील इतक्या घोटायच्या, दुपारी अभ्यास मिटून चालायला किंवा नावा वल्हवायला जायचं, की पुन्हा टेबल. परदेशात शिकणाऱ्या मुलाचे बहुतेक दिवस असेच जातात. घरी पत्रात लिहावं असं त्यांत काही घडत नाही.

क्रमांकाने माणूस किती कळतो, हा प्रश्न त्या काळीही लोकांना पडत होताच. लॉर्ड केल्व्हिन 1845 मध्ये दुसरे आले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल 1854 मध्ये दुसरे आले, आणि त्यांच्या पुढे होते हेच राउथ. बर्ट्रांड रसेल सातवे, अर्थशास्त्रज्ञ केन्स बारावे. परांजप्यांच्या एकच वर्ष आधी, 1898 मध्ये, गॉडफ्रे हॅरल्ड हार्डी नावाचा विद्यार्थी चौथा आला. पुढे त्याने ही परीक्षाच मोडीत काढावी अशी मोहीम धरली: ती खऱ्या गणितापासून मुलांना दूर नेते, असं त्याचं म्हणणं होतं. 1909 नंतर गुणानुक्रमे यादी वाचणं विद्यापीठाने बंद केलं. शेवटचा लाकडी चमचा त्या वर्षी मिळाला तोही सेंट जॉन्सच्याच विद्यार्थ्याला. हार्डींनी 1914 मध्ये ज्याला मद्रासहून बोलावून घेतलं, तो रामानुजन तर या परीक्षेला कधी बसलाच नाही.

पण 1899 चा तो निकाल नुसता गणिताचा नव्हता. हिंदी माणूस पाठांतरात पटाईत, स्वतंत्र बुद्धीत कच्चा, अशी समजूत राज्यकर्त्यांत सर्रास होती, आणि ट्रायपॉस ही पाठांतरावर निभणारी परीक्षा नव्हे, हे त्यांचंच मत. त्याच उन्हाळ्यात रणजितसिंहजी इंग्लंडच्या मैदानांवर एका हंगामात तीन हजारांवर धावा करणारे पहिले फलंदाज ठरले. एक बॅट घेऊन, दुसरा पेन्सिल घेऊन. साहेबाच्या खेळात साहेबाच्याच नियमांनी पुढे गेले. नाकारायला जागा उरत नाही अशी ही जीत होती.

पुण्यात ती बातमी कोणत्या दिवसांत पोहोचली, तेही पाहायला हवं. परांजपे 1896 मध्ये हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर निघाले, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेग पसरला. 22 जून 1897 च्या रात्री प्लेगबंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. गोखले त्या वेळी विलायतेत होते. प्लेगबंदोबस्तातल्या गोऱ्या सैनिकांवर त्यांनी तिथे जाहीर आरोप केले, आणि परतल्यावर पुरावा उभा करता न आल्याने माफी मागितली. निकालाच्या आदल्याच महिन्यात, मे 1899 मध्ये, रँडच्या खुनाच्या कटातले वासुदेव आणि बाळकृष्ण चापेकर येरवड्यात फाशी गेले. सरकारच्या लेखी पुणे हे तेव्हा राजद्रोह्यांचं गाव होतं. त्याच सरकारच्या पैशाने शिकायला गेलेला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचा विद्यार्थी साम्राज्याच्या सर्वांत मानाच्या परीक्षेत पहिला आला. तुरुंगाच्या बातम्या वाचून थकलेल्या गावाला तो निकाल कसा वाटला असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

त्या दिवसाने परांजप्यांचं नाव बदललं. महाराष्ट्र त्यांना पुढे जन्मभर रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखत राहिला. रस्ता मात्र बदलला नाही. शिक्षण संपवून फर्ग्युसनमध्येच शिकवायचं, हे विलायतेला जाण्यापूर्वीच ठरलं होतं. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाला तेव्हा महिना 75 रुपये मिळत. निकालानंतर ते पॅरिस आणि ग्योटिंगेनला गेले, 1901 मध्ये सेंट जॉन्सचे फेलो झाले, आणि परत येऊन 1902 मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. बर्टविसल केंब्रिजमध्ये राहिले आणि शेवटच्या वर्षांत क्वांटम यांत्रिकीवर पुस्तकं लिहिली. एकाच ओळीत उभे राहिलेले दोन विद्यार्थी. एक नव्या भौतिकशास्त्राकडे गेला, दुसरा पुण्याच्या वर्गात फळ्यापाशी उभा राहिला. बुद्धीचा मोठा वाटा शिकवण्यात आणि संस्था चालवण्यात खर्च झाला, हा परांजप्यांच्या बाबतीत तोटा म्हणावा की नाही, यावर आजही दोन मतं होऊ शकतात. स्वतः त्यांनी गणितातलं मोठं संशोधन मागे ठेवलं नाही. फर्ग्युसनमधून पिढ्या मात्र शिकून गेल्या.

सेनेट हाउसच्या त्या यादीला आणखी एक बाजू होती. पुरुषांची नावं संपली की मुलींचे निकाल निराळे वाचत. त्यांचा क्रमांक अमक्या पुरुषाच्या वर आणि तमक्याच्या खाली, असा सांगत. 1890 मध्ये न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट सीनियर रँग्लरच्याही वर आल्या, पण त्यांना पदवी मिळाली नाही. मे 1897 मध्ये मुलींना पदवी द्यावी की नाही यावर मतदान झालं, तेव्हा विरोधकांनी सेनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला आणि प्रस्ताव मोठ्या फरकाने पाडला. परांजपे तेव्हा केंब्रिजमध्येच शिकत होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे नातलग धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला होता.

कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा कुलगुरुपदी परांजपे आले. 1929 मध्ये त्यांची मुलगी शकुंतला न्यूनहॅममधून गणिताची तीच ट्रायपॉस देऊन बाहेर पडली. मुलींना केंब्रिजची पूर्ण पदवी तेव्हाही मिळत नव्हती. ती 1948 मध्ये मिळू लागली, कर्व्यांचं महिला विद्यापीठ निघाल्यानंतर 32 वर्षांनी. शकुंतलाबाई पुढे जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी करून पुण्यात परतल्या आणि संततिनियमनाच्या प्रचाराला लागल्या. त्या वेळी तो विषय चारचौघांत काढायलाही लोक बिचकत.