कार्ल्याचे खांब आणि तुमची चिठ्ठी

मुलांनो, मळवली स्टेशनवर उतरलं, की एका बाजूच्या डोंगरात भाज्याची लेणी आणि दुसऱ्या बाजूच्या डोंगरात कार्ल्याची. तुमच्या शाळेची सहल कधी ना कधी कार्ल्याला जाईलच. तीनशेहून जास्त पायऱ्या चढून धापा टाकत वर पोचलात, की आधी एकवीरा आईचं देऊळ आणि त्याला लागूनच ते भलंथोरलं चैत्यगृह!

आत शिरा आणि मान वर करा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अखंड खडकातून कोरलेलं हे दालन. लांबी 124 फूट, रुंदी आणि उंची प्रत्येकी 45 फूट. छताला लाकडी कमानी आहेत. खडकाला आधाराची गरजच नव्हती. पण लाकडी इमारतींची सवय असलेल्या कारागिरांनी त्या बसवल्या, आणि त्या अजून टिकून आहेत! खांब मोजा बरं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार, वर हत्ती आणि त्यांवर बसलेली माणसं. स्तूपाच्या मागे मात्र सात साधे, अष्टकोनी. एकूण 37.

आता खरी गंमत. इथे ब्राह्मी लिपीत दानलेख कोरलेले आहेत. धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दिले. सामी नावाच्या सुताराचा आणि सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचा उल्लेख दाराजवळ आहे. कोणी दिलं, कुठला राहणारा, नेमकं काय दिलं, एवढंच. म्हणून तर आज दोन हजार वर्षांनी आपल्याला त्या माणसांची ओळख पटते. वैजयंतीचा भूतपाल शेट मात्र सांगून गेलाय, की हे लेणं अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम आहे. काम त्यानंच करवून घेतलेलं, तेव्हा त्याला कौतुक असणारच!

पण सहलीहून परतल्यावर आपण सगळे भूतपाल शेटच होतो, नाही का? बाई विचारतात, "कशी झाली सहल?" वर्ग एका सुरात ओरडतो, "खूप छान!" निबंधातही तेच. यातून पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना काय मिळणार? काहीच नाही. "कंटाळा आला" एवढं म्हणूनही भागत नाही. कुठे आला, कशामुळे आला, ते कळायला हवं.

तेव्हा असं करून बघा. परतीच्या बसमध्ये किंवा दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या. नाव लिहायचं नाही, म्हणजे भीड राहत नाही. तीनच प्रश्न : डोळे मिटल्यावर काय आठवतं? कुठे दिसलं नाही, ऐकू आलं नाही किंवा त्रास झाला? कोणता प्रश्न मनात राहिला?

मग चिठ्ठ्या वाचा आणि मोजा. समजा, चाळीसपैकी पंचवीस जणांनी लिहिलं, की देवळातल्या गर्दीच्या आवाजात सरांचं बोलणं ऐकूच आलं नाही. मग उपाय सोपा : माहिती पायथ्याशीच सांगावी, वर फक्त बघावं. पण एकानंच लिहिलं, "माझा पाय दुखत होता, मी वर पोचेपर्यंत सगळे निघाले होते," तर? एकच चिठ्ठी म्हणून बाजूला टाकू नका. त्या एकाचं लेणं बघायचं राहूनच गेलं ना! मोजणी महत्त्वाची खरी, पण काही गोष्टी मोजून ठरवायच्या नसतात.

महिन्याभरानं पहिला प्रश्न पुन्हा विचारा. तेव्हाही जे आठवेल, ते खरं पक्कं झालं!

शाळेनं सुधारायच्या गोष्टी बाईंना सांगा. लेण्याशी संबंधित असतील, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला वर्गातर्फे पत्र लिहा. दानलेखासारखंच लिहा : आम्ही कोण, कुठले, केव्हा आलो, नेमकं काय हवं. "फलक हवेत" असं नको. "हत्तींच्या खांबांपाशी, पाचवीच्या मुलाला वाचता येईल एवढ्या उंचीवर मराठी फलक हवा" असं.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. काही लोक आपलं नाव तिथल्या दगडावरच खरडून येतात. ते दान नव्हे, नासधूस आहे बरं का! तुम्हाला जे लिहायचंय, ते चिठ्ठीवर लिहा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तुम्ही दिलेला तो एक खांबच समजा.