फुगा चपटा का झाला?

बाणकोटच्या खाडीतून जाळे ओढून आम्ही दोघे भाऊ परतत होतो. ओहोटी लागलेली. दहा-पंधरा मिनिटांत होडीचे मशीन गुरगुरले आणि बंद पडले. दोरी ओढून ओढून दंड भरून आले. पाणी समुद्राकडे नेत होते आणि वल्हे एकच.

दादा म्हणाला, "प्लग गेला." काढून पाहिला तर कोरडा ठणठणीत. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हते! नळीवरचा रबरी फुगा पाहिला, तो चपटा होऊन बसलेला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद! जाळे ओढताना टाकी कलंडेल म्हणून आम्हीच तो आवळला होता. आत हवा गेली नाही, तर पेट्रोल बाहेर येणार कसे? स्क्रू सैल केला, टाकी 'फुस्स' झाली, फुगा भरला. चौथ्या ओढीला मशीन लागले.

याच दुखण्यापायी आदल्या वर्षी एका मेकॅनिकने कार्बोरेटर बदलायला लावला होता. वहिनीच्या भिशीचे पैसे त्यात गेले.

आता निघण्याआधी आम्ही फुगा दाबून बघतो. तो कडकच होत नसेल तर नळी कुठेतरी हवा ओढते. कडक असूनही मशीन दम तोडत असेल तर फिल्टर नाहीतर कार्बोरेटर तुंबलेला. पावसाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल तर घालूच नये. हल्ली त्यात इथेनॉल असते, ते पाणी ओढते. काचेच्या बरणीत ओतून ठेवले, तर तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसतो.

वहिनी अजून दारातून विचारते, "भावजी, स्क्रू सोडलात ना?"