तीन वर्गांतला एकच गांधार

तासगावात मी गाणं शिकले ते समोर बसून. बाई म्हणायच्या, आम्ही मागून म्हणायचो. गांधर्व मंडळाच्या परीक्षांसाठी थाट, जाती, तालांचे बोल पाठ केले होते. पण शास्त्र परीक्षेपुरतं आणि गाणं रोजचं, अशी आपोआप विभागणी झाली होती. पुण्यात कॉलेजला संगीत हाच मुख्य विषय घेतला आणि वेळापत्रकात तीन वेगळे तास आले: गायन, संगीतशास्त्र आणि ध्वनितंत्र. तिन्ही वर्गांची भाषा निराळी, आणि एका वर्गात कळलेलं दुसऱ्या वर्गात कुठे ठेवायचं ते समजेना.

शास्त्राच्या तासाला शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ सुरू झाला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, म्हणजे आपल्याच मातीत, हा ग्रंथ लिहिला गेला हे ऐकून अंगावर शहारा आला. त्यात सप्तकाच्या बावीस श्रुती आहेत. पुढच्या धड्यात भातखंड्यांचे बारा स्वर आणि दहा थाट. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. मग गाताना बारा धरायचे की बावीस?

गायनाच्या तासाला कोडं आणखी अवघड झालं. यमन चालू होता. गांधार त्याचा वादी, त्यावर पुन्हापुन्हा थांबायचं. मॅडम सगळ्या वर्गाला म्हणाल्या, “पेटीचा गांधार घेऊ नका गं, तंबोऱ्याचा घ्या.” मी तंबोऱ्याकडे बघत राहिले. चार तारा: पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. गांधाराची तार आहेच कुठे?

ध्वनितंत्राच्या वर्गात तर प्रत्येक शब्द नवा होता. कंडेन्सर मायक्रोफोनला मिक्सरकडून ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यावी लागते. सीडीसाठी आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. गेन जास्त ठेवला तर आवाजाचा माथा कापला जातो आणि तो पुन्हा मिळत नाही. संगणकाच्या पडद्यावर डाव्या बाजूला पियानोच्या पट्ट्या. मिडीत प्रत्येक सुराला ० ते १२७ यांपैकी एक आकडा. दोन आकड्यांमधून जाणारी मींड दाखवायची तर पिच बेंडची वेगळी आज्ञा द्यावी लागते. आमच्या गाण्याचा जीव ज्या जागांत आहे, त्यांना इथे घरच नाही असं वाटून मी फार अस्वस्थ झाले.

मग एके दिवशी सरांनी तंबोरा ध्वनिमुद्रित करायला सांगितलं. पंखे, एसी बंद केले. मिरजेचा तंबोरा, माझी पट्टी काळी चार. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी उघडली आणि तार बोलू लागली. सरांनी एकटी खर्जाची तार छेडायला लावली आणि पडद्यावर तिचा आलेख उघडला. मला एक उंच रेघ अपेक्षित होती. तिथे रेघांची रांगच उभी राहिली. १०४ हर्ट्झला खर्ज, २०८ ला षड्ज, ३११ ला पंचम, ४१५ ला तार षड्ज आणि ५१९ ला गांधार. हाच तो तंबोऱ्याचा गांधार. मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा, तारेच्या पोटातून आपोआप उमटणारा.

सरांनी कीबोर्डवर तोच तार गांधार दाबला. आकडा आला ५२३. दोन्ही एकत्र वाजले आणि हवेत थरथर सुरू झाली, सेकंदाला साधारण चार वेळा. “ऐक,” सर म्हणाले, “या दोन गांधारांतलं अंतर तुला ऐकू येतंय.”

त्यानंतर शास्त्राचं पुस्तक मी वेगळ्या डोळ्यांनी वाचलं. शुद्ध गांधार आणि षड्ज यांचं प्रमाण ५:४. सप्तकाचे १,२०० सेंट धरले तर हा गांधार ३८६ वर येतो. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे तिथला गांधार ४०० वर. पेटीही त्याच हिशेबाने लावलेली असली की फरक १४ सेंटचा. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दूर ठेवलं, त्यामागच्या आक्षेपांत हे ठरावीक स्वर आणि न निघणारी मींड होती. आमच्याच सांगलीच्या कृ. ब. देवलांनी बावीस श्रुतींचं गणित मांडणारं पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध केलं आणि श्रुतींच्या या संशोधनाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार मिळाला. गवई, गणित आणि यंत्र शंभर वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यात एकत्र बसली होती, आणि मी तिथून येऊन तीन वर्गांत तीन विषय शोधत होते.

आता रियाजाला बसले की खर्जातून तो गांधार आधी ऐकते, मग गळ्यातून काढते. तो जुळला की थरथर थांबते आणि सूर स्थिर होतो. मॅडमचं वाक्य, शार्ङ्गदेवाच्या श्रुती आणि सरांचा आलेख त्या एका जागी भेटतात. लयीचं कोडं अजून सुटायचं आहे: मेट्रोनोमच्या ठोक्यावर बसवलेला विलंबित ख्याल मला जखडलेला वाटतो, तबल्याच्या ठेक्यावर तोच मोकळा होतो. ते का, हेही मला स्टुडिओत बसूनच शोधायचं आहे.

यंदा संगीताला प्रवेश घेणाऱ्यांनो, सॉफ्टवेअर शिकण्याआधी तंबोरा स्वतः लावायला शिका आणि आकड्यांना घाबरू नका. आणि हे विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: सत्रात एकदा तरी तिघांनी एकाच खोलीत, एकाच तंबोऱ्याभोवती बसून शिकवावं. गोंधळलेल्या मुलांना त्याची फार गरज असते.