बॉलपार्क आणि पैसेवारी

परवा कॉल संपल्यावर टीममधल्या नव्या मुलाने हळूच विचारलं, "सर, बॉलपार्क म्हणजे काय हो?" आणि मला सहा वर्षांपूर्वीचा मी आठवलो.

माझं गाव एकोडी, भंडारा जिल्ह्यातलं. शाळा मराठी, मग नागपूरला इंजिनिअरिंग आणि थेट पुण्यात नोकरी. इंग्रजी वाचता यायचं, पेपरात लिहिताही यायचं. पण पहिल्याच कॉलवर अमेरिकन क्लायंट म्हणाला, "जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क, वुई विल टच बेस ऑन थर्सडे." मी म्हटलं, "शुअर." (माणूस अजिबात शुअर नसला की हाच शब्द का तोंडातून निघतो कोण जाणे!)

बेस म्हणजे डेटाबेस असणार, असं मी धरून चाललो. दोन रात्री जागून प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक टेबल मोजलं आणि गुरुवारी ४१ ओळींची एक्सेल शीट पाठवली. त्याला बुधवारच्या बजेट मीटिंगसाठी 'दोन महिने की सहा' एवढंच हवं होतं. मीटिंग होऊन गेली होती. काम पुढच्या तिमाहीत ढकललं गेलं, आणि पुढचे चार महिने मी कॉलवर म्यूट.

नंतर शोधलं तर दोन्ही बेसबॉलचे निघाले. बॉलपार्क म्हणजे त्या खेळाचं मैदान. आकडा अचूक नसू दे, पण मैदानाच्या आत पडू दे. आणि धावणाऱ्याने बेसला पाय लावायचा असतो, तसं भेटून दोन शब्द बोलायचे, की झालं टच बेस. 'स्टिकी विकेट' मात्र मला न शिकवता कळलं होतं. ओल्या पिचवर ऊन पडलं की बॅट्समनचे काय हाल होतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणजे प्रश्न इंग्रजीचा नव्हताच, खेळाचा होता. उद्या मी त्या क्लायंटला 'ध चा मा' म्हटलं, तर १७७३ सालचा नारायणरावांचा खून आणि 'धरावे'चं 'मारावे' सांगण्यात अख्खा कॉल जाईल.

असो. दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. आमची धानाची शेती. बाबा म्हणाले, "मंग हे तर नजरअंदाज झालं ना!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सरकार पिकाची पैसेवारी काढतं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. नजरअंदाज म्हणजे उभं पीक बघून बांधलेला अडाखा. अंतिमच्या वेळी शेतातला तुकडा मोजून, कापून, धान झोडून वजन करतात. आकडा ५० पैशांच्या आत आला तर दुष्काळाच्या सवलतींची आशा, म्हणून सगळ्या गावाचं लक्ष तिकडे. (हिंदीत नजरअंदाज म्हणजे दुर्लक्ष! आमच्या दिल्लीकर सहकाऱ्याला हा शब्द ऐकवला, तर तो म्हणाला की मग सरकार बरोबरच बोलतंय.)

"तू तर बाबू, धान उभं असतानाच अंतिम पैसेवारी देऊन आला," बाबा हसत म्हणाले. मग जरा थांबून, "पण तुले विचारता नाही आलं?"

याचं उत्तर तेव्हाही नव्हतं.

तो नवा मुलगा लातूरकडचा. मी त्याला एवढंच सांगितलं, "नजरअंदाज दे, अंतिम नको."

"मग सोपंय की," तो म्हणाला. "पन्नासच्या आत सांगू का वर?"