टामालेच्या बाजारांतील लोणी

चिरंजीवांच्या नोकरीनिमित्त घाना देशाच्या उत्तर भागांतील टामाले शहरीं जाण्याचा योग आला. तेथील बाजारांत पांढुरक्या स्निग्ध पदार्थाचे गोळे मांडून बसलेल्या बायका पाहून आमच्या कुटुंबास तें लोणीच वाटलें. वस्तुतः तो शिया वृक्षाच्या बियांचा स्नेह. गुडघा धरला, पाय मुरगळला, कंबर भरली, कीं घरोघरीं हाच चोळावयाचा. तान्ह्या मुलाच्या अंगासही हाच. अकान भाषेंत त्यास ‘न्कुतो’ म्हणतात, योरुबांत ‘ओरी’.

याची प्राचीनता ऐकून वाचकांस नवल वाटेल. बुर्किना फासोंतील किरिकोंगो येथील उत्खननांत सुमारें इ. स. १०० पासूनचीं शिया बियांचीं टरफलें सांपडलीं आहेत. १३५२ सालीं मालीच्या राज्यांत गेलेल्या इब्न बतूतानें, हें तेल स्वयंपाकास, दिव्यास व अंगास लावण्यास वापरतात, इतकेंच नव्हे तर मातींत कालवून घरेंही लिंपतात, असें लिहून ठेविलें. हाच गृहस्थ त्यापूर्वीं सुमारें दहा वर्षें आपल्या दौलताबादेस व नंदुरबारास येऊन गेला होता, आणि नंदुरबारच्या लोकांचें तिळाचें तेलही त्याच्या नजरेंतून सुटलें नव्हतें! पुढें १७९६ त मंगो पार्क या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें तें चाखून गाईच्या लोण्याहून सरस ठरविलें.

लोणी काढण्याचें काम सर्वस्वीं स्त्रियांचें. गळलेलीं फळें वेंचावयाचीं, बिया उकडून वाळवावयाच्या, फोडून, भाजून, कांडून वाटावयाच्या. मग तो लगदा पाण्यांत हातानें फेंसावयाचा, तेव्हां कोठें स्नेह वर येतो. तो कढवून निववितात. आपला मोह, म्हणजे संस्कृतांतील मधूक, याच कुळांतला. त्याच्या बियांचें तेलही आपल्याकडे सांधेदुखीवर चोळतातच.

शियांतील कांहीं द्रव्यांनीं उंदरांची सूज उतरल्याचें प्रयोगांत दिसलें आहे. तरी दुखणें समूळ जातें असें मी म्हणणार नाहीं. चोळणाऱ्या हाताचाही त्यांत वांटा असावा.

हल्लीं पुष्कळशा बिया न गाळतांच परदेशीं चॉकोलेटास व प्रसाधनांस जातात, आणि मोठा नफा तिकडेच राहतो. शेत काढतांना हीं झाडें राखून ठेवण्याची तेथें जुनी रीत. आतां कोळशासाठीं त्यांवरही कुऱ्हाड पडते, व नवें झाड फळास येण्यास पंधरा-वीस वर्षें लागतात.