काडेपेटीतल्या दोन गोचिडी

मुलांनो, मागच्या पावसाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गात चांगलंच भांडण जुंपलं. आमची शाळा सोलापूरजवळच्या खेड्यातली. एकाने घरून काडेपेटी आणली होती. आत दोन जीव. एक चपटा, तांबूस, ज्वारीच्या दाण्याहून लहान. दुसरा राखाडी, टम्म फुगलेला.

"बाई, ही बारकी गोचीड. आणि हा दुसराच कुठला तरी किडा."

"खुळ्या, दोन्ही गोचिडीच की!" शेजारचा म्हणाला.

मी भिंग काढलं. चपटीच्या तोंडामागे, पाठीच्या पुढच्या भागावर एक कडक तपकिरी ढाल दिसली. मग टम्म जीव पाहिला. तोंडाजवळ अगदी तेवढीच ढाल! मादीचं अंग रक्त पिऊन कितीही फुगलं तरी ढाल वाढत नाही. नराची ढाल मात्र सगळी पाठ झाकते, म्हणून तो तसा फुगतच नाही. म्हणजे आमच्या दोघीही माद्या. एक उपाशी, एक जेवलेली!

एक मुलगी म्हणाली, "ही तर एरंडीच्या बीसारखी दिसते." बरोबर. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस. लॅटिन भाषेत रिसिनस म्हणजे गोचीडच.

टम्म गोचीड मी काचेच्या बाटलीत घातली, झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळली आणि कपाटात कुलूपबंद ठेवली. (तुम्ही घरी हा उद्योग करू नका हं.) आठवड्याने पाहतो तर तिच्यापुढे तपकिरी अंड्यांचा ढीग. एकेक मादी दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते.

तो ढीग बघून मला आमची तांबी आठवली. मी तेव्हा पाचवीत होते. तांबी म्हणजे आमच्या गाईची संकरित कालवड. तिच्या अंगावरच्या गोचिडी काढायचं काम माझ्याकडे होतं. मी फक्त फुगलेल्या वेचायची, कारण त्याच डोळ्यांना दिसायच्या. आणि वेचली की गोठ्याच्या भिंतीकडे भिरकावून द्यायची. आज्जी कौतुकाने म्हणायची, "पोरगी कामाची आहे गं!" मग एक दिवस तांबीला ताप भरला. खांद्यापुढच्या गाठी सुजल्या, तिनं खाणं सोडलं. जनावरांचे डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. गोचीडताप, ते म्हणाले. त्यांनी भिंतीच्या भेगेत बॅटरी मारली, तर आत सगळं वळवळत होतं. पोटभर प्यालेल्या मादीला अंडी घालायला नेमकी अशीच जागा हवी असते. मी रोज संध्याकाळी गोचिडी पेरत होते.

हे मी वर्गात सांगितलं. वर्ग गप्प झाला.

पुढे बाटलीतली अंडी फुटली. खसखशीएवढी पिल्लं. भिंगातून बघणारा ओरडला, "बाई, तुम्ही गोचीड कोळ्याची नातलग म्हणाला होता, आठ पायांची. याला तर सहाच पाय!" खरं होतं त्याचं. अंड्यातून निघालेल्या गोचिडीला सहाच पाय असतात. एकदा रक्त पिऊन तिनं कात टाकली की आठ होतात. तेव्हा ती साधारण तिळाएवढी असते. पुन्हा रक्त, पुन्हा कात, मग मोठी. काही जातींच्या गोचिडी हे सगळं एकाच जनावरावर उरकतात. काही मात्र दर वेळी खाली उतरतात आणि नवं जनावर गाठतात.

ही मधली, तिळाएवढी फार लबाड. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसंही तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधला. हाच माकडताप. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातही आला. माणसाला तो बहुतेक वेळा याच तिळाएवढीकडून होतो, कारण ती अंगावर चढली तरी कळत नाही. आपल्या सोलापुरात तसं जंगल नाही, घाबरू नका. पण अंगाला गोचीड चिकटलीच, तर जळती काडी लावू नका, तेल ओतू नका, बोटांनी चिरडू नका. मोठ्यांना सांगा. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ ओढायची आणि साबणाने हात धुवायचे. नंतर ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगायचं.

बाटलीत मी स्पिरिट ओतलं. तेव्हा काडेपेटीवाला हळूच म्हणाला, "बाई, आमच्याकडंपण वासरू आहे. फुगलेल्या मी सगळ्या काढल्यात."

"काढून कुठं टाकल्यास?"

तो खाली बघायला लागला. शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. वासरू मजेत कडबा चघळत होतं. अंग स्वच्छ दिसत होतं. त्याचा कान उलटून भिंग धरलं, तर आत तिळाएवढे सात ठिपके. त्याच्या आजोबांनी चष्मा लावून पाहिलं आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.