अकरावी तार

दिवाळीपूर्वीं घर आवरावयास काढलें म्हणजे आमच्या मेजाच्या तळच्या खणांतून एक वस्तु बाहेर येते, आणि ती टाकावी कीं ठेवावी याविषयीं दरवर्षीं घरांत वाद होतो. वस्तु म्हणजे वीतभर लांबीचें एक हिरवें कार्ड. त्याच्या एका कडेला सोनेरी दांतांची रांग आहे, दुसऱ्या कडेला टेलिफोनच्या तारा अडकविण्याचीं आठ भोंकें आहेत, आणि मधल्या भागांत, सपाट जागेवर वसविलेल्या गांवाप्रमाणें, काळे चौकोनी तुकडे बसविलेले आहेत. ज्या यंत्राचा हा अवयव तें यंत्र जगांतून गेलें, मग अवयव बाळगण्यांत हंशील काय, असें आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें. तें चुकीचें नाहीं. तरी आम्ही दरवर्षीं कार्ड पुसतों आणि पुन्हां खणांत ठेवतों. याचें कारण घरांत आम्हीं कधीं सांगितलें नाहीं. चार परक्या माणसांस सांगणें सोपें जातें, म्हणून येथें सांगत आहों.

इ. स. २००० मध्यें आम्ही अहमदनगर जिल्ह्यांतील एका सहकारी साखर कारखान्याच्या विद्युत व संगणक विभागाचे प्रमुख होतों. (जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, पण ही हकीकत जुन्या नांवाच्या काळांतली आहे.) या जिल्ह्याचा आणि उसाचा संबंध काय तो वाचकांस सांगावयास नको. भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें, प्रवरेचें पाणी कालव्यांनीं शेतांत आलें, आणि पुढें १९५० च्या सुमारास लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर जिल्ह्यांत धुराडीं वाढतच गेलीं. मात्र शहरांतील वाचकांस कारखाना म्हटला कीं धुराडें दिसतें. आम्हांस दिसे ती पाळी. ऊस हा मोठा नाशवंत जिन्नस आहे. तोडल्यावर तासातासानें त्याचा उतारा घटतो, आणि न तोडतां उभा ठेवला तर त्याला तुरा येतो, आंतून पोकळ होतो व वजनाला मार खातो. म्हणून कोणाचा फड कोणत्या दिवशीं, कोणत्या टोळीनें तोडावयाचा याचा कार्यक्रम रोज रात्रीं ठरावा लागतो, आणि त्याप्रमाणें तोडीच्या चिठ्ठ्या निघतात. हंगामांत शेतकऱ्याच्या घरांत या चिठ्ठीची जितकी वाट पाहिली जाते तितकी जांवयाची देखील पाहिली जात नसेल.

हा कार्यक्रम ठरविण्यासाठीं प्रत्येक गटकचेरीचे आंकडे संध्याकाळीं कारखान्यावर यावे लागत. पूर्वीं ते मोटरसायकलवरून कागदानें येत, किंवा टेलिफोनवर ओरडून सांगितले जात. त्यांत 'सात' चे 'साठ' व्हावयास वेळ लागत नसे. पुढें खेड्यापाड्यांत नवे टेलिफोन एक्स्चेंज आले. सी-डॉट ही सरकारी संस्था १९८४ मध्यें निघाली, आणि तिचें १२८ तारांचें पहिलें ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्यें राणी चन्नम्मांच्या कित्तूर गांवीं लागलें. त्याचें विशेष हें कीं, त्याला गार हवेची खोली लागत नसे. धूळ आणि ऊन सोसून तें चाले. आमच्या बाजूच्या उन्हाळ्यांत हा गुण लहान नव्हे. पुढें पंधरा ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट देशांत सर्वांस खुलें झालें, शहरांतील मुलें मोडेमची शिट्टी ओळखूं लागलीं, आणि आम्हांसही वाटलें कीं हीच शिट्टी आपल्या आंकड्यांस कां लावूं नये?

म्हणून कारखान्यावर एक पेटी आणली. दुरून येणाऱ्या फोनांस संगणकाच्या घरांत प्रवेश देणें एवढेंच तिचें काम, म्हणजे एका अर्थानें ती देवडीवरची पहारेकरीण होती. तिच्यांत आठ मोडेमचें एक कार्ड होतें. आठ गटकचेऱ्या, आठ तारा. नंबर मात्र सर्वांस एकच दिलेला. पहिली तार गुंतली असेल तर फोन आपोआप दुसरीवर, ती गुंतली असेल तर तिसरीवर, असा रिकामी तार शोधीत जाई. छप्पन हजारांचा वेग तेव्हां कागदोपत्रीं सर्वत्र छापला जात असे. पण तो मिळावयास एका टोकाची जोडणी अंकीय पद्धतीची असावी लागते. आमचीं दोन्ही टोकें साध्या तांब्याच्या तारेचीं, त्यांतून शेवटचे दोन मैल बाभळीच्या फांद्यांतून गेलेले. त्यामुळें ९,६०० चा वेग मिळाला तरी आम्ही धन्य होत असूं. एका गटाचे आंकडे पोचावयास वीस-पंचवीस मिनिटें लागत.

डिसेंबर २००० मध्यें चार गट वाढले आणि त्यांच्यासाठीं दुसरें कार्ड मागविलें. तेंच हें, खणांतलें. कार्ड बसविणें ही क्रिया दिसावयास इतकी सोपी कीं ती पाहणारा माणूस हंसेल. पेटीची वीज बंद करावयाची, रिकाम्या खणावरच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढावयाचे, कार्ड कडांना धरून दोन्ही बाजूंच्या पन्हळींत सरकवावयाचें, दांत आंत बसल्याची सूक्ष्म जाणीव हाताला झाली कीं थांबावयाचें, आणि स्क्रू आवळावयाचे. जोर करावयाचा नाहीं. उरलेल्या रिकाम्या खणांवरचे पत्रे काढून ठेवावयाचे नाहींत, कारण पंख्याचा वारा त्या भोंकांतून निसटतो आणि आंतले भाग तापतात. आमच्या जिल्ह्यांत शिंगणापुरीं घरांना दारें न लावण्याची रीत प्रसिद्ध आहे. पण तो न्याय या पेट्यांस लागू नाहीं.

आणखी एक नियम असतो, आणि या लेखाचा विषय तोच आहे. कार्डाला हात लावण्यापूर्वीं मनगटाला एक पट्टा बांधावयाचा आणि त्याची तार पेटीच्या उघड्या धातूला अडकवावयाची, म्हणजे अंगावर सांचलेली वीज धातूंत निघून जाते. हिंवाळ्यांतील कोरड्या रात्रीं लोकरी स्वेटर काढतांना ठिणग्या उडतात, तीच ही वीज. ती सुमारें ३,००० व्होल्ट झाल्याखेरीज माणसाच्या बोटाला समजत नाहीं. उलट कार्डावरचा एखादा नाजूक तुकडा शंभर व्होल्टांनींही जायबंदी होऊं शकतो. आणि तो मरतोच असें नाहीं. पुष्कळदां तो नुसता जखमी होतो, आठ-दहा दिवस बरा चालतो, आणि मग पेटी तापली कीं त्याची जखम बोलूं लागते.

त्या रात्रीं आम्हीं पट्टा बांधला होता. पट्टा हें एक दावेंच असतें. बांधलेल्या माणसास पेटीपासून दोन हातांपलीकडे जातां येत नाहीं. कार्ड पिशवींतून काढून तिच्यावरच ठेवलें, इतक्यांत पॉवरहाऊसवरून फोन आला कीं टर्बाईनचा आवाज बदलला आहे. पट्टा सोडून, नायलॉनच्या जाजमावरून चालत जाऊन आम्हीं फोन घेतला, दोन सूचना दिल्या, आणि घाईनें परत येऊन कार्ड उचलून आंत सरकविलें. बोटाला मुंगी चावावी तसा एक चटका बसला. अंगांत स्वेटर होता. आम्ही स्वतःशींच हंसलों, हें नीट आठवतें. वीज सुरू करतांच सगळे दिवे हिरवे लागले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चारही नव्या तारा तपासल्या, चारही बोलल्या. नव्या कार्डावरचीं उरलेलीं चार भोंकें पुढच्या वाढीसाठीं रिकामीं ठेवलीं.

आठवड्या-दीड आठवड्यानंतर शेवगांवच्या बाजूच्या एका गटाचे आंकडे उशिरां येऊं लागले. गटांनीं रात्रीं आठपासून यादीच्या क्रमानें मिनिटामिनिटानें फोन लावावयाचे आणि साडेआठला कार्यक्रम करावयास बसावयाचें, असा शिरस्ता होता. हा गट यादींत अकरावा. त्याचे आंकडे पावणेनऊच्या पुढें येत. मग त्या गांवांचा कार्यक्रम आदल्या दिवसाच्या आंकड्यांवर बेतावा लागे. टोळी संपलेल्या फडावर जाऊन उभी राही, आणि ज्याची खरी पाळी त्याचा ऊस बांधावरून वाकुल्या दाखवी. जानेवारीच्या मध्यापर्यंत कांहीं फडांना तुरे आले. शेतकरी कारखान्यावर आले, बोलले, आणि त्यांचें बोलणें वावगें नव्हतें. त्या कचेरींत एक हंगामी चिटबॉय होता, पंचविशीचा. चौकशी झाली. आमच्या संगणकाच्या नोंदींत त्याचा फोन रोज उशिरां लागलेला स्पष्ट दिसत होता, आणि नोंद आम्हीं स्वतः काढून दिली. यंत्राच्या नोंदीपुढें कोण बोलणार? त्याला ताकीद मिळाली, मग त्याला रात्रपाळीच्या काट्यावर बसविलें, आणि पुढच्या हंगामांत त्याला बोलावणें गेलें नाहीं.

त्याच्या जागीं जो आला त्याचेही आंकडे उशिरांच येऊं लागले. तेव्हां कोठें आम्हांस शंका आली. म्हणजे पहिल्या माणसाविषयीं जी यावयास हवी होती ती दुसऱ्याविषयीं आली. मार्चांतल्या एका रात्रीं नऊनंतर, पेटी तापलेली असतां, आम्हीं बाराही तारा एकेक करून हातानें फिरविल्या. अकरावीनें फोन उचलला, नेहमीप्रमाणें शिट्टी दिली, अर्ध्या मिनिटानें घसा बसावा तसा आवाज केला आणि ती तुटली. पुन्हां केला, पुन्हां तसेंच. सकाळीं थंड पेटींत तीच तार खडखडीत बरी.

मग सर्व उलगडलें. दहा गटांनीं दहा तारा अडविलेल्या. अकरावा फोन अकराव्या तारेवर येणार, आणि तुटणार. तुटतांच ती तार रिकामी. म्हणून पुन्हां लावलेला फोन रिकामी तार शोधीत पुन्हां तिच्याच दारीं. बाराव्या गटाचा फोन बहुधा त्या अर्ध्या मिनिटाच्या शिट्टींत येई, अकरावी गुंतलेली पाही आणि बारावीवर सुखरूप पोचे. म्हणून त्याची तक्रार नव्हती. निकामी तार नेहमीं रिकामी असते आणि म्हणून नेहमीं तिचीच पाळी येते. सव्वाआठनंतर पहिल्या गटांचे आंकडे संपून चांगली तार मोकळी झाली कीं मग बिचाऱ्याचा फोन लागे, आणि आमच्या नोंदींत लिहिलें जाई: उशीर.

दुरुस्तीला एक मिनिट लागलें. अकरावी तार तिच्या भोंकांतून उपटून शेजारच्या रिकाम्या भोंकांत खोंचली. आम्हीं अहवालांत 'एक पोर्ट नादुरुस्त, तार बदलली' एवढें लिहिलें. या वाक्यांत कर्ता नाहीं, हें आमच्या त्या वेळींही ध्यानांत आलें होतें. कार्ड परत पाठवून नवें मिळालें असतें. पण त्यासाठीं निर्मितीचा दोष म्हणून सही करावी लागणार होती, आणि ती आमच्यानें करवेना. खरें लिहिणेंही झालें नाहीं. त्या चिटबॉयला ताकीद देऊन अवघे दोन महिने झाले होते. फाईल उघडून तींत एक ओळ घालण्याचें काम होतें. फाईल आम्हीं उघडलीही. आंत त्याच्या हातचा एक अर्ज निघाला, त्यावर आमचाच शेरा. अर्जांत त्यानें लिहिलें होतें कीं, आपण एके दिवशीं आठलाच फोन करून पाहिला तो लगेच लागला, क्रमानें अकरा मिनिटांनीं केला तर शिट्टी होऊन तुटतो, तरी कृपया कारखान्याकडील यंत्र तपासावें. आणि त्याखालीं आमचा शेरा होता: 'वेळ पाळावी.'

फाईल मिटली आणि कपाटांत गेली. २००५ मध्यें ब्रॉडबँड आलें, पुढच्या वर्षीं पेटी भंगारांत निघाली, आणि लिलावापूर्वीं आम्हीं एवढें कार्ड रीतसर पावती करून विकत घेतलें. आम्हीही सेवानिवृत्त झालों. आतां शेतकऱ्याला तोडीची खबर त्याच्या खिशांतल्या फोनवर येते आणि पुष्कळ ग्रामपंचायतींच्या दारापर्यंत कांचेची तार गेली आहे. मोडेमची शिट्टी नातवंडांस ऐकविली तर तीं कानांवर हात ठेवतात.

गेल्या वर्षीं लग्नानिमित्त त्याच गांवीं जाण्याचा योग आला. तो तेथें दुधाचें संकलन केंद्र चालवितो. त्यानें आम्हांस ओळखलें, खुर्ची दिली, चहा मागविला, आणि आम्हीं न विचारतां दोन मुलांचीं शिक्षणें सांगितलीं. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. तो असता तर बरें झालें असतें. चहा येईपर्यंत आम्हीं त्याला सर्व सांगितलें: पट्टा, स्वेटर, चटका, अकरावी तार, अर्जावरचा शेरा. तो दुधाच्या नोंदींची वही मांडीवर ठेवून ऐकत होता.

बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "म्हणजे साहेब, तार नुसती शेजारच्या भोकात घातली की झालं?"

"हो."

"शेजारची भोकं रिकामी होती?"

"चार होतीं," आम्ही म्हणालों.

"चार," तो म्हणाला. तेवढ्यांत एक म्हातारी किटली घेऊन आली. तो उठला, दूध मापांत ओतलें, आंकडा वहींत लिहिला, आणि लिहिलेला आंकडा तिला मोठ्यानें वाचून दाखविला.